स्काउट-गाइडमध्ये नाव घालण्यापूर्वी

- सुरुवात: 1907, इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांचे मुलांचे शिबिर. 'भारत स्काउट्स आणि गाइड्स'ची स्थापना 7 नोव्हेंबर 1950.
- गट: साधारण दहा वर्षांपर्यंत मुलगे कब, मुली बुलबुल. त्यापुढे स्काउट, गाइड. तरुणपणी रोव्हर, रेंजर.
- शिकतात काय: गाठी मारणे, प्रथमोपचार, तंबू उभारणे, चूल पेटवून सहा-आठ जणांच्या संघाचा स्वयंपाक. हस्तांदोलन डाव्या हाताने.
- टप्पे: प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य आणि राष्ट्रपती पुरस्कार.
- एनसीसी वेगळी: ती संरक्षण मंत्रालयाखाली, 1948च्या कायद्याने स्थापन. स्काउटिंग ऐच्छिक, बिगरराजकीय. सक्ती नाही.
- शाळेत विचारा: शिक्षक प्रशिक्षित आहेत का? मुक्कामी शिबिरात मुलींसोबत शिक्षिका असतात का? पालकांची लेखी संमती घेतात का?