यात्रेचा मुक्काम आणि जनरेटर: वायर लांब घ्या, मशीन लांब ठेवा

कॅम्पिंग ट्रेलर म्हटलं की डोळ्यांपुढे परदेशातली चकचकीत गाडी येते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण आमच्या गडमुडशिंगीत ताडपत्री बांधलेला टेम्पो हाच आमचा ट्रेलर. जोतिबाच्या चैत्र यात्रेला ट्रॅक्टरची ट्रॉली मोकळी मिळते. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचं, तर तेव्हा ट्रॉल्या उसाला लागलेल्या असतात, म्हणून टेम्पो. (ट्रॉलीत माणसं भरून प्रवास मात्र नको. ती सामानाला आणि मुक्कामाला.) या सामानात आता भाड्याचा छोटा पेट्रोल जनरेटरही आलाय.

मुक्कामाला पोचलं की तो ठेवायचा कुठे, यावर चर्चा होते. कुणीतरी जाणता म्हणतो, "वायर लांबली की करंट कमी येतो." झालं! मशीन टेम्पोच्या फाळक्याला चिकटून बसतं. माझ्या मते सगळा धोका आणि सगळा गोंगाट या एका वाक्यातून येतो. म्हणून आधी त्याचाच हिशेब करू.

समजा एक केव्हीएचा जनरेटर आहे. त्यावर साधारण ८०० वॅट लोड, म्हणजे सुमारे साडेतीन अँपिअर. तांब्याची अडीच स्क्वेअर एमएमची २५ मीटर वायर घेतली, तर जाऊन-येऊन ५० मीटर तांबं होतं. त्याचा रोध ०.४ ओहमच्या आतच. म्हणजे २३० व्होल्टमधून जेमतेम दीड व्होल्ट कमी होतात. बल्बला ते कळतही नाही. फक्त वायरचं भेंडोळं पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. मधले जोड ओल्या जमिनीवर टाकू नका.

आता लांब ठेवायचं कशासाठी? पहिलं कारण कार्बन मोनॉक्साइड. जनरेटरच्या धुरात तो असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मार्गशीर्षातल्या थंडीत आपण ताडपत्री चारी बाजूंनी आवळून झोपतो, आत लेकरं आणि म्हातारी माणसं. बाहेरचा धूर एका फटीतून आत शिरत राहिला तर झोपेत काहीच कळत नाही. धुराचा वास आला तर उठू, असं धरून चालू नका. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट अंतर सांगते. मी २० मीटर म्हणतो. सायलेन्सरचं तोंड मुक्कामाच्या उलट दिशेला, आणि शेजारच्या टेम्पोकडेही नको. डोंगरावर रात्री वारा फिरतो, हेही लक्षात ठेवा.

एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळ किंवा चक्कर आली, तर "प्रवासाचा शीण असेल" म्हणून झोपवू नका. सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा, मशीन बंद करा, १०८ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म ऑनलाइन मिळतो. भाड्यात तो येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. घ्याच.

दुसरं कारण आवाज. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ७ मीटरवर ६५ असेल, तर १४ वर ५९ आणि २८ वर ५३. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ ची मर्यादा आहे. म्हणजे २८ मीटरवरही रात्रीचं गणित जमत नाही.

साधा जनरेटर ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच पळतो, एक बल्ब लावा नाहीतर दहा. इन्व्हर्टर जनरेटर लोड कमी असेल तर इंजिनचा वेगही कमी करतो, म्हणून शांत आणि पेट्रोलही कमी. भाडं जास्त पडेल, पण सोबत लहान मूल असेल तर मी तोच घेईन.

टेम्पोच्या पत्र्यावर जनरेटर ठेवला की पत्र्याचा ढोल होतो. खाली जमिनीवर ठेवा, पायाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. मुक्कामाच्या बाजूला मातीच्या पोत्यांची भिंत रचली तर आवाज आणखी अडतो, पण बाकीच्या बाजू मोकळ्या हव्यात. वरून प्लायवूडची पेटी घालणं किंवा खड्ड्यात उतरवणं हे दोन गावठी उपाय मात्र सपशेल नको. मशीन तापतं, धूर साठतो, आणि हवेपेक्षा जड असलेली पेट्रोलची वाफ खड्ड्यात बसते. पेट्रोल भरताना मशीन बंद करून गार होऊ द्या. चूल आणि विडी लांब.

रात्रीचं काय? दहाला मशीन बंद. घरून १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी पूर्ण चार्ज करून न्यायची. दोन छोटे एलईडी आणि मोबाईल धरून २० वॅट, आठ तासांचे १६० वॅट-तास. बॅटरीत १८०० असतात, निम्मेच वापरायचे म्हटलं तरी दोन-तीन रात्री सहज निघतात. टेम्पोच्या बॅटरीला हात लावू नका, सकाळी स्टार्टर फिरणार नाही.

अर्थिंगचं थोडक्यात: बऱ्याच छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो. अशा वेळी नुसता आरसीसीबी लावून भागत नाही. मॅन्युअल पाहून इलेक्ट्रिशियनकडून जोडणी करून घ्या, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी घरीच लोड लावून बघा.

घरी म्हणजे अंगणात, आणि बल्ब थेट जनरेटरला जोडून. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वीज गेल्यावर जनरेटरची गरज साऱ्या जिल्ह्याला कळली. पण दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरने घरचा बोर्ड जिवंत केला, तर करंट उलटा खांबावर जातो, आणि तिथे लाइन बंद समजून वायरमन काम करत असतो. घराला जोडायचा तर चेंजओव्हर स्विच लागतोच.