‘जोडणे’ : एका क्रियापदाचा अर्थविस्तार

‘जोडणे’ हे क्रियापद मराठीत इतके रुळलेले आहे की, त्याच्या अर्थांतील विसंगती सहसा जाणवत नाही. गाडी जोडतात, हात जोडतात, पुण्य जोडतात आणि माणसेही जोडतात. पहिल्या दोन प्रयोगांत संयोग दिसतो. शेवटच्या दोहोंत प्राप्ती अभिप्रेत आहे. हा दुसरा अर्थ अर्वाचीन नव्हे. तो ज्ञानेश्वरीत व तुकारामांच्या गाथेतही आढळतो. मग ही दोन स्वतंत्र क्रियापदे मानावीत काय?

तसे मानण्याचे कारण नाही. जोडण्याच्या क्रियेस किमान दोन वस्तू लागतात. ‘दोराला दोर जोडला’ येथे दोन्ही उच्चारलेल्या आहेत. ‘गाडी जोडली’ येथे बैल अध्याहृत आहेत. ‘पुण्य जोडले’ या प्रयोगात दुसरी वस्तू सांगितलेली नाही, कारण ती स्वतः कर्ताच होय. जे आपल्याशी संलग्न केले, ते मिळविले. अर्थभेद धातूत नसून अध्याहृत पदात आहे.

नामांत मात्र अर्थ निराळ्या दिशांनी गेले आहेत. ‘त्याला जोड नाही’ येथे जोड म्हणजे बरोबरीचा. ‘जोडधंदा’ या शब्दात एक मुख्य व दुसरा आश्रित ठरतो. ‘जोड्याने मारणे’ यात तर एकच पायताण पुरते. युग्माची कल्पनाच लोपली आहे.

समानता आणि आश्रितता यांतील हे अंतर केवळ कोशापुरते नाही. सातारा जिल्ह्यातील माण व सांगली जिल्ह्यातील आटपाडी हे माणदेशातील तालुके पर्जन्यछायेत येतात. आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती; राजकीय सीमा बदलल्या, अवर्षण राहिले. शेती मुख्य व मेंढपाळी जोडधंदा, अशी वर्गवारी येथे सरसकट लागू पडत नाही. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबात कळप हाच मुख्य आधार असतो. पीक बुडालेल्या वर्षी शेतकऱ्याच्या घरालाही दावणीची चार जनावरे तारतात. शब्दाने लावलेला क्रम जीवनात उलटतो. तरीही पाहणीच्या तक्त्यात ‘जोडधंदा’ असे लिहिले, म्हणजे घर जगविणारे साधनच दुय्यम ठरते.

म्हणून अशा नोंदी करताना अध्याहृत पद पूर्ण करून घेणे आवश्यक होय: काय जोडले, आणि कशाला?