कॉलमवरची उभी चीर

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार महाराष्ट्रात १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. इंजिनिअर आधी नुसता फिरतो: गच्ची, पाण्याची टाकी, संडासाखालची गळती. मग कॉलमचं प्लास्टर काढून ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतो. गुलाबी रंग चढला तर काँक्रीटचा अल्कधर्मीपणा शाबूत आहे. रंग आलाच नाही, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथवर मुरलाय. तो सळईपर्यंत पोचला, वर ओल मिळाली, की गंज धरतो. फुगलेला गंज काँक्रीट आतून फोडतो. कॉलमवरची उभी चीर बहुधा अशीच पडते. सोसायट्या मात्र तिच्यात पुट्टी भरून रंगकाम उरकतात! सळई साफ करून पॉलिमर मॉर्टर भरायचं की अख्ख्या कॉलमला जॅकेट चढवायचं, हे आकडेमोडीनंतरच ठरतं.