बाटलीतला चिखल
(जुनी गाडी घेताना : भाग ७)

गिअरबॉक्स पुढच्या आठवड्यावर ढकलावा लागतोय, कारण रिसोडच्या एका वाचकाचं पत्र. बारा वर्षांची डिझेल गाडी त्यांना पसंत पडली. फक्त कुलंटच्या बाटलीत तपकिरी चिखल दिसला. विकणारा म्हणतो, ‘फ्लश मारला की झालं.’ घ्यावी का?

चिखल कसला, हे कळल्याशिवाय उत्तर नाही. ते कळायला गॅरेजही लागत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झाकण उघडायचं, हातमोजा घालून थोडा गाळ बोटांत चोळायचा. विटकरी आणि चरचरीत लागला तर गंज: कुलंटमधली गंजरोधक रसायनं संपली आणि ब्लॉकचं ओतीव लोखंड झिजायला लागलं. पांढरट पूड असेल तर तिच्यावर व्हिनेगर टाकावं. फसफसली की क्षार.

वाशिम जिल्ह्यात या क्षारांची वाट बघत बसावं लागत नाही. खाली सगळा काळा पाषाण. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. मे महिन्यात गाडी तापली की ढाब्यावरची बादली थेट रेडिएटरमध्ये जाते. पाणी जितकं गरम, तितका कॅल्शियम कार्बोनेट त्यात कमी विरघळतो. म्हणून त्याचा थर नेमका सर्वांत गरम जागी, सिलिंडर हेडच्या आतल्या वाटांत बसतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत हे लपून राहतं. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि मालेगाव, कारंजाकडच्या जुन्या गाड्याही ताशी 120 च्या वेगाने तासन्‌तास धावू लागल्या. तिथे काटा वर चढतो.

गाळ बुळबुळीत, दुधाळ चहासारखा असेल आणि पेलाभर पाण्यात टाकल्यावर तवंग आला, तर मामला तेलाचा. अशा वेळी बहुतेक मिस्त्री एकच निदान करतात: हेड गॅस्केट उडालं. थोडं थांबावं. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ आणि कुलंटमध्ये मात्र तेल, असं असेल तर आधी ऑइल कूलर तपासून घ्यावा. चालू इंजिनात तेलाचा दाब कुलंटपेक्षा बराच जास्त असतो. कूलरला बारीक चीर पडली की तेल पाण्यात घुसतं, पाणी तेलात सहसा जात नाही. हेड खोलण्याच्या खर्चापुढे कूलर बदलणं बरंच स्वस्त. गॅस्केटची शंका उरलीच तर ब्लॉक टेस्ट करावी: बाटलीच्या तोंडावर धरलेलं निळं द्रव पिवळं पडलं, तर ज्वलनाचा वायू कुलंटमध्ये येतोय.

रिसोडकरांच्या वर्णनात चरचर आहे, तवंग नाही. म्हणजे गंज. आता भर उन्हात इंजिन तापवून हीटर पूर्ण चालू करावा. इकडे हीटर वर्षानुवर्षं कुणी लावत नाही, म्हणून त्याच्या बारीक नळ्या आधी तुंबतात. हवा कोमट आली तर गाळ आतवर गेलाय. किंमत पाडून मागावी. कडक गरम आली तर फ्लश पुरेसा ठरू शकतो. त्यानंतर निम्मं कुलंट, निम्मं बॅटरीचं पाणी.

उलट, जुन्या गाडीत चकचकीत नवं कुलंट दिसलं तर जास्त खोलात जावं. विकण्याआधी धुतलेली बाटली आतून डागाळलेली असतेच, आणि झाकणाच्या रबराखाली जुना थर सापडतो.

फ्लश करताना निघालेलं पाणी गोठ्याजवळ किंवा नालीत ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं, कुत्री-गुरं ते पितात आणि मरतात.