टाके सुकले, तरी मेंदू अजून थकलेलाच असतो

वडनेर भोलजी हे मलकापूर आणि नांदुरा यांच्या मधले, महामार्गावरचे गाव. महामार्गाकाठी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला डोक्याला मार लागलेली मुले नवी नसतात. तरीही एक आजोबा माझ्या आठवणीतून जात नाहीत. त्यांच्याच मोटारसायकलवरून नऊ वर्षांचा नातू पडला होता. शस्त्रक्रिया झाली, मूल वाचले. दीड महिन्याने ते त्याला घेऊन आले. टाक्यांवर केस उगवले होते. आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सोमवारपासून शाळेत धाडू नं? लई बुडलं त्याचं."

मी मुलाला सांगितले, "बाहेरून पाण्याचा ग्लास आण, दार लाव आणि मग खुर्चीवर बस." त्याने ग्लास आणला आणि तो तसाच उभा राहिला. पुढचे काय, ते त्याला आठवेना. आजोबांनी मान खाली घातली.

वाचकहो, घरातले मूल अशा दुखण्यातून उठते, तेव्हा शरीर आधी बरे होते आणि मेंदू मागाहून. मूल चालते, बोलते, हसते. म्हणून शाळेत आणि घरातही त्याला आळशी किंवा हट्टी ठरवले जाते. वस्तुतः लक्ष टिकवणे, ऐकलेले मनात धरणे, राग आवरणे या क्रियांसाठी त्याला आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक श्रम पडतात. दुपारपर्यंत ते गळून जाते.

म्हणून शाळेचा आरंभ घरातच करावा. सकाळी दहा-पंधरा मिनिटे वाचन, मग विश्रांती. डोके न दुखता हे अर्धा-पाऊण तास जमू लागले आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी संमती दिली, की शाळेत पहिले दोन तास बसवावे. काही दिवसांनी मधल्या सुट्टीपर्यंत, नंतर पूर्ण वेळ. त्रास वाढला तर एक पायरी मागे यावे. त्यात कमीपणा काहीच नाही. कबड्डी, सायकल, झाडावर चढणे मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद, कारण सावरत्या मेंदूला दुसरा मार फार महागात पडतो. विदर्भातल्या उन्हाचाही विचार करावा; मार्चनंतर शाळा सकाळची असली, तरी परतताना डोक्यावर टोपी आणि सोबत पाणी हवेच. फिटची औषधे सुरू असतील तर एकही मात्रा चुकवू नये आणि आपल्या मनाने ती बंद करू नयेत. वाढती डोकेदुखी, पुनःपुन्हा उलटी, न उतरणारी गुंगी किंवा फिट आली, तर शाळा बाजूला ठेवून तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.

वर्गशिक्षकांना जाऊन प्रत्यक्ष भेटा. पहिला बाक, एका वेळी एकच सूचना, गृहपाठ वहीत लिहून, गोंगाट वाढला तर थोडा वेळ बाहेर बसण्याची मुभा, एवढेच मागा. बहुतेक शिक्षक हे आनंदाने करतात. त्यांना कुणी सांगितलेले नसते, इतकेच. अडचण दीर्घकाळ राहिली, तर समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांची चौकशी तालुक्याच्या गट साधन केंद्रात करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारमान्य शाळेला अशा मुलास प्रवेश नाकारता येत नाही आणि त्याच्या गरजेनुसार सोयी देणे तिच्यावर बंधनकारक आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही मिळतो.

आणखी एक गोष्ट पालकांना उशिरा कळते. चौथीत सावरलेले मूल सातवी-आठवीत अडखळू शकते, कारण तेव्हा अभ्यास स्वतः आखावा लागतो. त्या वेळी जुने कागद उपयोगी पडतात. ते जपून ठेवा.

हे सारे रोज पाहण्याइतका वेळ घरात बहुधा आजी-आजोबांपाशीच असतो. मूल किती वाजता थकले, कशाने चिडले, रात्री झोपले का, हे एका वहीत टिपले तर आम्हा डॉक्टरांना त्याचा फार आधार होतो. त्या आजोबांनी अशी वही ठेवली होती. पहिले तीन आठवडे ते शाळेबाहेरच्या लिंबाखाली बसून राहत आणि दुसरा तास संपला की नातवाला घरी नेत, पायी. मोटारसायकल त्यांनी विकायला काढली होती. मीच म्हटले, विकू नका, दोन हेल्मेट घ्या. चार वर्षांवरच्या मुलालाही ते कायद्याने सक्तीचे आहे. लहान मापाचे हेल्मेट मिळायला मात्र त्यांना बरीच दुकाने फिरावी लागली.