एम्ब्रेस, हग आणि आजीची कूस

मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात मुलांना सुट्टीतल्या एका दिवसाबद्दल दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका नऊ वर्षांच्या मुलीने लिहिले, "मी घरी पोहोचले तेव्हा आजीने मला आलिंगन दिले." मोठी मुले खो खो हसली आणि ती बिचारी हिरमुसली. खरे तर तिची चूक काहीच नव्हती. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मनात आधी आला 'एम्ब्रेस'. शब्दकोश उघडला तर समोर 'आलिंगन'. शब्दकोश खोटा नाही. पण आपल्या आज्या आलिंगन देत नाहीत. त्या जवळ घेतात, पोटाशी धरतात, कुशीत घेतात. आलिंगन शोभते ते पुराणात, नाहीतर संगीत नाटकात.

त्या दिवशी घरी येऊन या एम्ब्रेसच्या मागे लागलो. जे हाती लागले ते वर्गात सांगितले, तेच इथे लिहितो आहे.

एम्ब्रेस हा शब्द इंग्रजांचा मूळचा नव्हे. तो चौदाव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून तिकडे आला. त्यातला 'एम' म्हणजे आत आणि 'ब्रेस' म्हणजे दोन्ही हात. त्याच्याही मागे लॅटिनमधला 'ब्राकियम' आहे, म्हणजे बाहू, आणि तो लॅटिनने ग्रीकांकडून घेतला. थोडक्यात, एम्ब्रेस करणे म्हणजे दोन हातांच्या आत घेणे. मनगटातले ब्रेसलेट याच घराण्यातले. मुलांच्या दातांना बसवतात त्या तारांचे ब्रेसेसही तेच: धरून ठेवणारे, आवळणारे. हात दोन असतात म्हणून शिकारीच्या भाषेत पक्ष्यांच्या जोडीलाही 'ब्रेस' म्हणतात. गोव्यातल्या ज्या घरांत जुनी मंडळी पोर्तुगीज शिकलेली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. हाताला 'ब्रासू' आणि मिठीला 'आब्रासू', पत्राच्या शेवटीही तोच.

आता आपल्याकडे पाहा. दोन हात पसरून जेवढे मावते तेवढ्याला मराठीत 'कव' म्हणतात. झाडाचा बुंधा कवेत मावत नाही, असे आपण म्हणतोच. तेव्हा एम्ब्रेसचा अगदी हाडामांसाचा जुळा भाऊ शोधायचा तर तो आलिंगन नव्हे, 'कवेत घेणे' हा आहे.

याहून गंमत 'फॅदम' या शब्दाची. समुद्राची खोली मोजायचे हे माप, सहा फुटांचे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पसरलेले दोन्ही हात, आणि त्याच्या क्रियापदाचा अर्थ मिठीत घेणे. पुढे हातांच्या त्या पसाऱ्याने दोर मोजू लागले, दोराने पाणी मोजू लागले, आणि शेवटी एखाद्या गोष्टीचा थांग लागणे म्हणजे ती 'फॅदम' होणे असा अर्थ रूढ झाला. आपल्याकडे हेच माप 'वाव'. विहिरीचा दोर इतके वाव, दर्यात पाणी इतके वाव, असे कोकणात म्हणतात. (बडोद्याच्या मंडळींनी घोटाळा करू नये. गुजरातीत वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, तो शब्द संस्कृत 'वापी'वरून आला.)

हातांवरून गळ्याकडे गेले की भेटतो 'अ‍ॅकोलेड'. आज त्याचा अर्थ गौरव, शाबासकी. त्याच्या पोटात मात्र लॅटिन 'कोलम' म्हणजे मान आहे, शर्टाची कॉलर ज्यावरून आली तोच. युरोपात एखाद्याला सरदारकी देताना त्याच्या गळ्यात हात टाकून भेटत, पुढे तलवारीच्या पात्याने खांद्याला स्पर्श करू लागले, आणि नाव तेच राहिले. आपली 'गळाभेट' शब्दशः हीच.

रोजच्या वापरातला 'हग' मात्र या सगळ्यांहून वेगळा. तो लेखी स्वरूपात सोळाव्या शतकात दिसू लागतो. त्याच्या उगमावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण काही जण त्याचे नाते जुन्या नॉर्स भाषेतल्या 'हुग्गा' या शब्दाशी जोडतात. त्याचा अर्थ सांत्वन करणे, धीर देणे. हे खरे असेल तर हा शब्द हातापासून नव्हे, मनापासून निघाला. मला हे पटावेसे वाटते, पण इतिहास असा गोडगोड नसतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या कुस्तीत 'कॉर्निश हग' नावाचा एक डाव प्रसिद्ध आहे, आणि अस्वलाची 'बेअर हग' तर सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडेही मगरमिठी आहे, धृतराष्ट्राने लोखंडी भीमाला मारलेली मिठी आहे, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाने शिवरायांना मारलेली मिठी कोणता मराठी माणूस विसरेल?

एम्ब्रेसचा दुसरा अर्थ स्वीकारण्याचा. हल्ली जाहिरातींत "बदलाला मिठी मारा" अशी मराठी वाचायला मिळते आणि अंगावर काटा येतो. तिथे आपल्याकडे किती सुरेख शब्द आहे: 'अंगीकार'. अंग त्यातही आहेच. बाहेरची गोष्ट आपल्या अंगाचा भाग करून घेणे. धर्माचा अंगीकार, व्रताचा अंगीकार, तसाच बदलाचाही. मृत्यूच्या बाबतीत मात्र आपण 'कवटाळले' म्हणतो, आणि तेच बरोबर वाटते.

आणि 'भेटणे'? आमच्या गुजराती शेजाऱ्यांच्या भाषेत 'भेटवुं' म्हणजे मिठी मारणे, नुसत्या गाठीभेटीला ते 'मळवुं' म्हणतात. नव्याने गुजराती शिकणारा मराठी माणूस "काले भेटीशुं" म्हणतो आणि समोरचा जरा दचकतो. पण हसण्यापूर्वी भरतभेट आठवावी, वारीतली उराउरी भेट आठवावी. तो अर्थ आपल्याही शब्दात होता. आपली भेट हळूहळू दोन हात लांब सरकली, त्यांची तिथेच राहिली.

हे सगळे सांगून झाल्यावर मी त्या मुलीला विचारले, "आजी तुला घेते तेव्हा नेमके काय करते?" ती थोडा विचार करून म्हणाली, "पदरात घेते आणि डोक्यावरून हात फिरवते." वहीत तिने 'आलिंगन दिले' खोडले आणि हेच लिहिले. त्या ओळीला मोठ्या मुलांपैकी कोणी हसले नाही.