पेशी कुणाची, चाचणी कुणावर, पैसे कुणाचे?

शिंद्यांची राजधानी १८१०मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली, पण बरीच मराठी घरं इथंच राहिली. फ्रीगंजात टॉवर चौकाच्या बाजूला संध्याकाळी ही मंडळी भेटली की बोलणं सिंहस्थाच्या रस्तारुंदीकरणावरून सुरू होतं आणि हमखास गुडघ्यांवर येऊन थांबतं. कुणाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणी ते टाळत असतं. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न आला आहे. ‘काका, सांधा बदलण्याआधी ते स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊन बघावं का? मोठ्या शहरात देतात म्हणे.’

प्रश्न भाबडा मुळीच नाही. जगभरात या पेशींच्या हजाराहून अधिक चाचण्या नोंदल्या गेल्या आहेत. गुडघा, हृदय, आतडं, फुप्फुस, मज्जारज्जू, मधुमेह, क्वचितच एखादा आजार सुटला असेल. आपल्या देशात तर अशा उत्पादनाला सरकारी मंजुरीही मिळाली आहे. तरीही ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

आधी एक गल्लत दूर करू. ल्युकेमिया किंवा थॅलेसेमियासाठी अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण करतात, त्यात रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी वापरतात. तो उपचार अनेक दशकांचा, पक्का झालेला आहे. गुडघ्यासाठी जिची चर्चा चालते ती मेसेनकायमल स्टेम सेल, एमएससी, वेगळी. मॉस्कोतले अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी १९६०-७०च्या दशकांत अस्थिमज्जेतल्या काही पेशी काचेच्या बशीला चिकटून वाढताना पाहिल्या. त्यांच्यापासून हाड बनू शकत होतं. १९९१मध्ये अमेरिकेतल्या अर्नोल्ड कॅप्लान यांनी त्यांना हे लांबलचक नाव दिलं. मज्जेतल्या दहा हजार ते लाखभर पेशींमध्ये अशी एखादीच सापडते. म्हणून ती काढायची, प्रयोगशाळेत वाढवून कोट्यवधी करायची आणि द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात साठवायची, असा हा सगळा व्यवहार असतो. चरबीतून आणि नाळेतूनही त्या मिळतात. ओळख पटवायचे निकष २००६मध्ये ठरले. पेशी प्लास्टिकला चिकटली पाहिजे, तिच्या पृष्ठभागावर ठराविक खुणा हव्यात, आणि तिच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी तयार व्हायला हवी.

सुरुवातीची आशा अशी होती की टोचलेली पेशी झिजलेल्या जागी जाऊन बसेल आणि तिथं नवी कूर्चा उगवेल. तसं होताना दिसलं नाही. शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी आधी फुप्फुसांतच अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. तरीही परिणाम दिसतो, कारण त्या जाता जाता रसायनं सोडतात, दाह कमी करतात, प्रतिकारशक्तीला आवर घालतात. लग्नघरी दोन दिवस आलेली आत्या असते ना, स्वतः राहत नाही, पण घराला कामाला लावून जाते, तसं काहीसं. दुसऱ्याच्या पेशीही शरीर फारशा जोराने नाकारत नाही, म्हणून एका दात्याच्या पेशी अनेकांना देता येतात. खुद्द कॅप्लान यांनी २०१७मध्ये लिहिलं की यांच्या नावातून ‘स्टेम’ काढून टाका, लोकांची दिशाभूल होते. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही. जाहिरात त्याच शब्दावर चालते.

माणसांना या पेशी पहिल्यांदा दिल्या त्या १९९५च्या सुमारास, रक्ताच्या कर्करोगाच्या १५ रुग्णांना, आणि तेही फक्त धोका नाही ना हे पाहण्यासाठी. गाजली ती २००४ची स्टॉकहोममधली केस. मज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी नऊ वर्षांच्या एका मुलाच्या आतड्यावर आणि यकृतावर तुटून पडल्या होत्या. स्टेरॉइड चालेना. कॅटरिना ल ब्लांक यांच्या गटाने त्याला त्याच्या आईच्या एमएससी दिल्या आणि मुलगा सावरला. एखाद्या मासिकाला यापेक्षा चांगली बातमी काय हवी? पण याच आजारावरच्या ओसायरिस कंपनीच्या एमएससी उत्पादनाच्या मोठ्या चाचणीचे निकाल २००९मध्ये आले, आणि ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. कॅनडाने २०१२मध्ये लहान मुलांसाठी अटींसह परवानगी दिली. पुढे हे उत्पादन मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे गेलं. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने ते २०२० आणि २०२३ असं दोनदा परत पाठवलं. मंजुरी मिळाली १८ डिसेंबर २०२४ला, ५४ मुलांवरच्या चाचणीच्या आधारे. त्यातल्या १६ मुलांची लक्षणं २८ दिवसांत पूर्ण गेली, २२ जणांची काही प्रमाणात कमी झाली. अमेरिकेत मंजूर झालेला हा पहिला एमएससी उपचार. एका मुलाच्या बरं होण्यापासून मंजुरीपर्यंत वीस वर्षं गेली. किंमत ऐकून मात्र बसून घ्यावं लागतं. एका खेपेचे सुमारे १ लाख ९४ हजार डॉलर, आणि पूर्ण उपचारात अशा आठ खेपा असतात.

उलट दिशेने गेलेली गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. क्रोन्स या आतड्याच्या आजारात गुदद्वाराजवळ होणाऱ्या भगंदरावर चरबीतून काढलेल्या एमएससींचं अलोफिसेल नावाचं उत्पादन युरोपने २०१८मध्ये मंजूर केलं. पहिल्या चाचणीत २१२ रुग्ण होते, २४ आठवड्यांनी पेशी मिळालेल्यांपैकी निम्म्या जणांना फायदा झाला, खोटं इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ३४ टक्क्यांना. फरक बरा होता. मग ५६८ रुग्णांची दुसरी चाचणी झाली आणि २०२३मध्ये कळलं की फरक टिकत नाही. २०२४च्या अखेरीस औषध युरोपच्या बाजारातून काढून घेतलं गेलं. चाचणी नावाचा प्रकार चांगला चालला की असंच घडतं, आणि कुणाला त्यात लाज वाटायचं कारण नाही. हृदय बंद पडत चाललेल्या रुग्णांवरची पाचशेहून अधिक जणांची चाचणीही मुख्य कसोटीवर उतरली नाही. कोविडच्या गंभीर रुग्णांवरची एक चाचणी २०२०च्या डिसेंबरात मध्येच थांबवावी लागली.

आपल्याकडची मोठी नोंद बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स या कंपनीची आहे. अनेक निरोगी दात्यांच्या मज्जेतल्या एमएससी एकत्र करून त्यांनी स्टेमप्यूसेल बनवलं. पहिला उपयोग बर्गर्स आजारावर. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांच्या पायांच्या रक्तवाहिन्या बंद होतात, बोटं काळी पडतात, शेवटी पाय कापावा लागतो असा हा आजार. ९० रुग्णांच्या चाचणीत पेशी पोटरीच्या स्नायूत टोचल्या. ज्यांना त्या मिळाल्या त्यांचं दुखणं आणि जखमा जास्त प्रमाणात कमी झाल्या. मात्र ही चाचणी उघडी होती. कोणाला काय दिलंय ते डॉक्टरला आणि रुग्णाला दोघांना ठाऊक होतं. २०१६मध्ये मर्यादित मंजुरी मिळाली, २०२०मध्ये पूर्ण. दुसरा पर्याय पाय कापण्याचाच असेल तर या पुराव्यावर एवढं धाडस करणं मला समजतं.

गुडघ्याचं तसं नाही. संधिवाताने माणूस मरत नाही आणि पायही जात नाही, म्हणून इथं पुरावा जास्त कडक हवा. तो काही प्रमाणात आहे. याच स्टेमप्यूसेलची १४६ रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची, कोणाला काय दिलं हे गुप्त ठेवलेली चाचणी झाली. निम्म्यांना अडीच कोटी पेशी, निम्म्यांना खोटं इंजेक्शन. वर्षभरानंतर पेशीवाल्यांच्या वेदना लक्षणीय कमी झाल्या होत्या आणि हालचाल सुधारली होती. २०२२मध्ये ते उत्पादन अल्केम कंपनीमार्फत बाजारात आलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या झिजेसाठी. हाडाला हाड घासू लागलेल्या चौथ्या श्रेणीच्या गुडघ्यासाठी नाही. आता दुसरी बाजू. अमेरिकेत २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माइल्स’ चाचणीत सुमारे ४७५ रुग्णांपैकी तीन गटांना मज्जेचा अर्क, चरबीतल्या पेशी किंवा नाळेतल्या एमएससी दिल्या आणि साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी तुलना केली. वर्षअखेर कुठलाच गट स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. उत्पादनं वेगळी, मात्रा वेगळ्या, त्यामुळे एक चाचणी दुसरीला खोटं पाडत नाही. पण सुईला गुडघा भुलतो, हे विसरू नये. मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं तरी बऱ्याच जणांना महिनोन्‌महिने हलकं वाटतं.

मराठी माणसाने या शास्त्रात निव्वळ गिऱ्हाईक म्हणून वावरावं असंही नाही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था आहे. रमेश भोंडे, वैजयंती काळे यांच्यासारख्यांनी तिथं मूलपेशींवर वर्षानुवर्षं मूलभूत काम केलं. त्याची जाहिरात होत नाही, कारण त्यात विकायला काही नसतं.

विकणारे निराळे. स्वतःच्या पोटाची चरबी काढून तासाभरात गुडघ्यात टोचायची, किंवा स्वमग्न मुलाच्या कण्यातल्या द्रवात पेशी सोडायच्या, असे पॅकेज देशभर विकले गेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांतलं प्रत्यारोपण आणि मंजूर झालेली उत्पादनं वगळता मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. स्वमग्नतेसाठी हा उपचार सुचवू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२च्या डिसेंबरात सांगितलं. मधुमेह, पक्षाघात, अंधत्व बरं करण्याच्या जाहिरातींना तर १९५४च्या कायद्यानेच बंदी आहे. आणि ‘स्वतःच्याच पेशी, त्यात काय धोका’ असं म्हणणाऱ्यांनी फ्लोरिडातल्या तीन महिलांची नोंद वाचावी. प्रत्येकीने सुमारे ५ हजार डॉलर भरून डोळ्यांत स्वतःच्या चरबीतल्या पेशी टोचून घेतल्या आणि तिघींची दृष्टी गेली. त्यांच्यापैकी काहींना वाटत होतं की आपण एका चाचणीत भाग घेतोय.

या शेवटच्या वाक्यापाशी माळव्याचा संबंध येतो. उज्जैनपासून पंचावन्न किलोमीटरवर इंदूर. २०१०-११च्या सुमारास तिथल्या सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालयात, ज्याला सगळे एमवाय म्हणतात, गरीब रुग्णांना पुरेशी कल्पना न देता औषध कंपन्यांच्या चाचण्या झाल्याचे आरोप झाले. त्या पेशींच्या नव्हत्या, औषधांच्या होत्या. माहिती द्यायला टाळाटाळ केल्याबद्दल राज्य सरकारने बारा डॉक्टरांना प्रत्येकी पाच हजार रुपये दंड केला. या रकमेवर काय बोलावं? पण इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि मग चाकं फिरली. जानेवारी २०१३मध्ये नुकसानभरपाईचा नियम आला, फेब्रुवारीत नैतिक समित्यांची नोंदणी सक्तीची झाली. त्याच वर्षी दीडशेहून अधिक चाचण्यांच्या मंजुऱ्या न्यायालयाने रोखून धरल्या आणि ऑक्टोबरात संमती घेताना चित्रीकरण करण्याचा आदेश दिला. पुढे सरकारने ही अट दुर्बल गटांपुरती आणि नव्या रसायनांच्या चाचण्यांपुरती मर्यादित केली, हे मला आजही खटकतं. २०१९च्या नव्या औषध व क्लिनिकल चाचणी नियमांत बाकीचं बरंच टिकलं. चाचणीमुळे इजा झाली तर लागेल तितके दिवस मोफत उपचार, आणि मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई.

म्हणून फ्रीगंजच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर पैशापासून सुरू होतं. जिच्यात भाग घ्यायला तुमच्याकडून लाखाची रक्कम मागतात ती चाचणी नव्हे. चाचणीत जोखीम तुमची असते, त्यामुळे खर्च प्रायोजकाचा असायला हवा, असंच आयसीएमआरची नैतिक तत्त्वं सांगतात. आणि मंजूर औषध विकत घेत असाल तर त्याचं नाव, कंपनी, कुठल्या श्रेणीच्या झिजेसाठी मंजुरी आहे, आणि तुमच्या एक्स-रेत कुठली श्रेणी दिसते, हे चारही लेखी मागा. पॅकेजवाला बहुधा दुसऱ्या प्रश्नालाच विषय बदलतो.

‘चाचणी सुरू आहे’ असं कुणी म्हणालं तर सीटीआरआय क्रमांक विचारा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया २००७पासून आहे, १५ जून २००९पासून नोंद सक्तीची आहे, संकेतस्थळ फुकट उघडतं. त्या पानावर टप्पा, रुग्णसंख्या, कुठल्या रुग्णालयात चाचणी चालते, नैतिक समितीने काय ठरवलं आणि औषध महानियंत्रकांची परवानगी आहे की नाही, हे वेगवेगळ्या रकान्यांत दिलेलं असतं. नोंद म्हणजे मंजुरी नव्हे, त्यामुळे परवानगीचा रकाना नीट वाचा. इंग्रजी अडत असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. संमतीपत्र मराठीत किंवा हिंदीत मागा, घरी आणा, दोन दिवस ठेवून वाचा, आणि ज्या डॉक्टरला त्या चाचणीतून काही मिळणार नाही त्याला दाखवल्याशिवाय सही करू नका.